ताई, नोकरी सोडण्याआधीचा हिशेब शिकवलात म्हणून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

लागलेली नोकरी सोडायची नाही, हा नियम लालबाग-परळच्या घरांत आजही पाळला जातो. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांच्या संसारांचं काय केलं, ते इथल्या आजी-आजोबांनी पाहिलंय. रविवारी वाचनालयात सल्ला विचारायला येणाऱ्या मुलांच्या या भीतीला तुम्ही कधी हसला नाहीत, ‘मार उडी’ असंही म्हणाला नाहीत. ती भीती रुपयांत मांडायला लावलीत. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत.

भाडं, हप्ते, किराणा, औषधं, रेल्वेचा पास मिळून महिन्याला ३८,००० लागत असतील, तर सहा महिन्यांचे २,२८,००० आधी बाजूला हवेत. नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो आणि स्वतःच्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती नोकरीत असतानाच काढायची. पीएफ काढायचा नाही, नव्या खात्यात वळवायचा. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी काढला तर त्यावर कर लागू शकतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं पूर्ण केल्यावर नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, तर कित्येकांच्या लक्षातच नसते. मूळ पगार ३०,००० असेल तर पाच वर्षांचे साधारण ८६,५०० होतात. साडेचार वर्षांनी घाईने निघणारा कायम कर्मचारी त्यावर पाणी सोडतो. नव्या पत्रातल्या वार्षिक आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि न मिळू शकणारा बोनसही धरलेला असतो, तेव्हा ‘हातात किती?’ हे तिथेच विचारायचं.

पण आमच्या मते तुमची सर्वांत मोठी देणगी माणसांबद्दलची आहे. कंपनीची चौकशी तिथल्या साहेबांकडे करू नका, नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघातिघांकडे करा, असं तुम्ही सांगता. पगार कोणत्या तारखेला होतो? या जागेवर आधी कोण होतं, का गेलं? सुट्टी मागितली की काय ऐकावं लागतं? वीस मिनिटांचा फोन पुरतो, फक्त त्याच फोनवर ‘माझ्यासाठी शब्द टाका’ म्हणायचं नाही. आणि पुढे काय ठरलं ते त्या माणसाला आवर्जून कळवायचं. बहुतेक ओळखी इथेच तुटतात: काम झालं की फोन बंद.

मूल्यांचा कागद तुम्ही ऑफर येण्याआधी लिहून घेता, कारण आकडा दिसला की मन पळवाटा शोधू लागतं. नुसतं ‘प्रामाणिकपणा’ लिहिलं तर कागद परत येतो. मागची तारीख टाकून सही करणार नाही, ग्राहकापासून शुल्क लपवणार नाही, इतकं नेमकं हवं. डोंबिवलीहून लोअर परळला येणाऱ्याने प्रवासाचे तासही त्याच कागदावर मांडायचे; मुलं जागी असताना घरी पोहोचायचं की नाही, हे त्यावरच ठरतं.

यापुढे रविवारी नव्या मुलांचे हिशेब तपासायला आम्ही आळीपाळीने बसू. नेमणूकपत्रं मात्र तुम्हीच वाचा.

आपली,
वाचनालयातली मंडळी