शेवटच्या कुस्तीचं इनाम आणि दुधाचं बिल

कोल्हापूर
१० फेब्रुवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

यंदा यात्रेच्या मैदानात एक नंबरच्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या कुस्तीला तीन लाख इनाम ठेवायचं घाटतंय, देणगीदारही मिळालाय, असं तू फोनवर म्हणालास. गाडीच्या गडबडीत बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं असं, की त्यातले निम्मे तरी गावच्या तालमीत राहणाऱ्या पोरांच्या खुराकाला लावू या. का म्हणतो ते ऐक, आणि पटलं तर कमिटीपुढे मांड.

वरच्या आळीतला आपला पोरगा इथल्या एका तालमीत आहे. परवा त्याला भेटलो आणि त्याच्याबरोबर बसून हिशेब केला. दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध, म्हणजे १४० रुपये. थंडाईला १०० ग्रॅम बदाम, ते ९० रुपये. तुपाचे ७०, आठ अंड्यांचे ५६, फळांचे ६०. मटण एक दिवसाआड पाव किलो धरलं तर रोजचे १०० पडतात. सगळं मिळून ५१६ रुपये, महिन्याला साडेपंधरा हजार. यात भाकरी-भाजी, खोलीभाडं, प्रवास, औषधपाणी काहीच नाही. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत, पण ते दूध डेअरीला जातं कारण त्यावर घर चालतं, आणि पोरगा कोल्हापुरात दूध विकत घेतो. उसाचं बिल हप्त्यानं येतं, खुराक मात्र रोज लागतो. वस्ताद म्हणतात, अंगात कुस्ती आहे, अजून पाच वर्षं टिकला पाहिजे. ही पाच वर्षं कोणाच्या पैशावर काढायची, एवढाच काय तो प्रश्न आहे.

मैदानातून पैसे मिळतात, हे खरं. लहानपणी रेवड्यांवर, मग नारळावर, मग शंभर-पाचशे-हजारावर. पण बक्षिसाची उतरंड तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वरच्या दोन-तीन जोडांना लाखांत आणि खालच्या शंभर जोडांना एसटीच्या भाड्यापुरतं. शिवाय नाव झालेला पैलवान हरला की पुढच्या गावात त्याचा दर पडतो. म्हणून मोठ्या कुस्त्या खडाखडीतच, म्हणजे डाव न टाकता नुसत्या उभ्यानं झोंबण्यातच लांबतात, शेवटी बरोबरीत सुटतात आणि इनाम निम्मं-निम्मं वाटलं जातं. लोक चिडतात, पण पैलवानाचा दोष कितीसा? सगळी कमाई चार महिन्यांच्या हंगामात करायची असेल, तर कोण धोका पत्करील? आणखी एक गोष्ट. यात्रांचा पैसा तांबड्या मातीत आहे आणि ऑलिम्पिक मॅटवर. खुराकासाठी पोरं गावोगाव मातीत खेळत राहतात आणि मॅटचा सराव मागं पडतो.

शाहू महाराजांचं मोठेपण मला इथंच दिसतं. खासबाग मैदान बांधलं हे सगळे सांगतात, पण त्यांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, पैलवानाला रोजच्या पोटाची काळजी राहू दिली नाही. मैदान हे त्या सगळ्याचं शेवटचं टोक होतं. आपण तेवढं टोकच ठेवलं.

आणि खाशाबा जाधव! कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडनला सहावा आला, तोही कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पुरेसे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि परत आल्यावर कुस्त्या खेळून सरांचं घर सोडवलं. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो. मला मात्र ती ऐकताना प्रत्येक वेळी वाईट वाटतं. पदक घेऊन आलेल्या माणसाला आधी कर्ज फेडायला आखाड्यात उतरावं लागलं.

त्यानंतर ७२ वर्षांनी, २०२४ मध्ये, पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले, ते चांगलंच झालं. पण त्याच्या घडणीत जास्त मोलाचं होतं ते लहान वयात क्रीडा प्रबोधिनीत मिळालेलं शिक्षण आणि नंतर रेल्वेतली नोकरी. तो पैसा पदकाच्या आधी आला. कागलच्या शाहू साखर कारखान्यानंही मॅटवर स्पर्धा भरवून निवडलेल्या मल्लांना मानधन देण्याची पद्धत पाडली, म्हणजे आपल्या भागात हे नवीन नाही.

क्रिकेटचं उदाहरण देऊ नकोस. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले. तिथं टीव्ही पैसा देतो. कबड्डीलाही २०१४ च्या लीगनंतर तो थोडाफार मिळू लागला. गावच्या मैदानाला देणगीदार हाच टीव्ही. आणि देणगीदाराला काय हवं असतं ते आपण जाणतो: पोस्टरवर वडिलांचा फोटो, निवेदकाच्या तोंडी नाव, हलगीच्या कडकडाटात फेटा. त्यात गैर काही नाही. बापाच्या आठवणीत माणूस पैसे काढतो, त्याला मान मिळालाच पाहिजे. फक्त तो मान दुधाच्या बिलालाही मिळावा. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ वर्षभराचा खुराक’ असं पोस्टरवर तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापू या, पोराला आखाड्यात उभं करून सगळ्या गावासमोर देणगीदाराच्या हस्ते नारळ देऊ या.

दीड लाखात एका पोराचा जवळजवळ दहा महिन्यांचा खुराक होतो, किंवा तिघांना महिन्याला चार-चार हजारांचा हातभार वर्षभर लागतो. माझं मत तिघांच्या बाजूनं आहे, कारण एकाचा गुडघा गेला तर सगळंच बसतं. पैसे रोख देऊ नयेत. दूधवाल्याला आणि किराणा दुकानाला थेट जावेत, आणि वस्तादांनी दर महिन्याला सही करावी. इनाम दीड लाखावर आलं तर मोठी जोड येणार नाही, अशी भीती पाटील अण्णा घालतील. कदाचित नाहीच येणार. मग दुसऱ्या फळीतले दोघे चढे, म्हणजे वर येऊ पाहणारे मल्ल लावू, ते हार-जीत ठरेपर्यंत निकाली कुस्ती करतील, आणि गावाला तीच बघायला आवडते.

माझ्याकडून वर्षाला बारा हजार धर, माझं नाव कुठं छापू नका. मुंबईला असलेल्या आपल्या मंडळींशी मी बोलतो. तू फक्त देणगीदाराच्या घरी आधी एकट्यानं जाऊन ये. चारचौघांत विचारलंस तर तो ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. बैठक कोणत्या रविवारी आहे ते कळव, मी येतो.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास