फवारणीनंतरच्या त्या चक्करीबद्दल

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू सहज सांगून गेलास की फवारणी करून आल्यावर डोकं जाम जड झालं, मळमळायला लागलं, मोबाईलवरची अक्षरं पण धुरकट दिसत होती, आणि मग "झोपलो, सकाळी एकदम ओके" म्हणून विषय बदललास. तेव्हापासून माझं लक्ष कशातच लागत नाहीये. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय, शेवटपर्यंत वाच.

ते उन्हानं झालं असं समजू नकोस. तू मारतोस ते क्लोरोपायरीफॉस ऑर्गनोफॉस्फेट गटातलं आहे. आपल्या नसा एकमेकींना आणि स्नायूंना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून, आणि निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच तोडून टाकतं. हे औषध त्या एन्झाइमलाच जखडून ठेवतं, मग निरोप थांबतच नाही. बाहुल्या बारीक होतात, नजर धुरकटते, लाळ, घाम, स्नायू फडफडणं, आणि फार जास्त गेलं तर झटके येऊन श्वास बंद पडतो. किडा असाच मरतो, आणि तेच एन्झाइम आपल्यातही आहे रे. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा केमिस्ट किडे मारायचं औषध शोधत होता आणि त्याच कामातून टाबुन आणि सारिन हे युद्धातले नर्व्ह गॅस निघाले. तुझ्या पंपातलं त्यांच्याएवढं जहाल नाही, पण घराणं तेच.

मला खरी काळजी पुढची आहे. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातल्या शेतमजुरांचा अभ्यास आला होता, ज्यांना एकदा विषबाधा होऊन दवाखान्यात ठेवलं होतं त्यांची साधारण दोन वर्षांनी तपासणी केली, तर लक्ष, स्मरण, हातांचा वेग अशा टेस्टमध्ये ते इतरांच्या मागे पडले. वरून बघितलं तर सगळे बरे झालेले. आणि अजून एक, लाल रक्तपेशींमधलं हे एन्झाइम एकदा बाद झालं की नव्या पेशी तयार होतील तसं हळूहळू भरून येतं, त्याला महिने लागू शकतात. म्हणजे तू आठवड्यानं परत पंप पाठीवर घेतलास तर आधीचीच तूट बाकी असते आणि त्यात नवी भर पडते, म्हणून "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" याला काही अर्थ नाही.

आता वहिनींचं. त्यांना पाचवा महिना चालू आहे ना? हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या शरीरात हे औषध निकामी करणारं वेगळं एन्झाइम फार कमी असतं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर बायकांच्या गरोदरपणात लघवीत या औषधांचे अंश मोजले, आणि मुलं ७ वर्षांची झाल्यावर बघितलं तर सगळ्यात जास्त अंश असलेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यांक सगळ्यात कमी असलेल्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी निघाला. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाला तर ४० मुलांच्या एमआरआयमध्ये, पोटात असताना जास्त संपर्क आलेल्या आणि कमी आलेल्या मुलांच्या मेंदूच्या रचनेत फरक दिसले. म्हणजे पोटातल्या बाळाला हे भोगायला आईनं स्वतः फवारणी करावी लागत नाही, तुझे ओले कपडे वहिनींनी हातात घेतले तरी त्यांच्या अंगात जाऊ शकतं. मला हे लिहितानासुद्धा कसंतरी होतंय.

"नैसर्गिक औषध वापरतो मग" असं म्हणशील, तर रोटेनोन हे झाडाच्या मुळांतून मिळतं आणि तेच उंदरांना देऊन संशोधकांनी २००० मध्ये पार्किन्सनसारखी (हातपाय थरथरतात, हालचाली मंदावतात तो मेंदूचा आजार) लक्षणं घडवली. पुढे २०११ मध्ये फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात रोटेनोन वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन साधारण अडीच पट आढळला. प्रत्येकाला होतोच असं नाही, पण जोखीम वाढते आणि कोणाला होईल ते आधी कळत नाही.

आता काय करायचं ते ऐक. फवारणाऱ्याच्या अंगात हे बहुतेक कातडीतूनच जातं, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून भागत नाही आणि रुमाल वाफ तर अजिबात अडवत नाही. नायट्राइल हातमोजे, लांब बाह्या, बूट, चष्मा, वाफेसाठीच्या फिल्टरचा मास्क, आणि पंप गळत असेल तर तो पाठीवर घ्यायचाच नाही. औषध कालवताना सगळ्यात जपायचं कारण तेव्हा ते पातळ केलेलं नसतं. काम झालं की कपडे घराबाहेरच काढ, साबणानं आंघोळ कर, मगच पोरीला जवळ घे, कपडे तूच धू आणि वेगळे धू. आणि उद्याच डॉक्टरांकडे जा, बाटलीच्या लेबलचा फोटो दाखव, रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे वर सांगितलेलं ते जखडलं जाणारं एन्झाइम, तपासायला सांग. परत कधी लाळ गळायला लागली, श्वास लागला, स्नायू फडफडले तर झोपून राहू नकोस, कपडे काढून अंग धुवून लगेच इमर्जन्सीत जा, तिथे अ‍ॅट्रोपिन हा उतारा देतात, पण वेळेत पोचायला हवं.

पुढची फवारणी रिपोर्ट बघून मगच ठरव, तोपर्यंत पंपाला हात लावू नकोस. रिपोर्ट आला की मला पाठव, मी ओळखीच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवतो.

तुझा,
महेश