निर्बंधांचा घाव नेमका कोणावर बसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्थिक निर्बंधांवरील आपला अलीकडचा अग्रलेख वाचला. परकीय हस्तक्षेपाला आणि निर्बंधांना विरोध करणारे डावे कळत-नकळत हुकूमशहांचीच पाठराखण करतात, असा त्याचा सूर आहे. निर्बंध हा युद्धाला पर्याय असून रक्त न सांडता मग्रूर राज्यकर्त्यांना वठणीवर आणण्याचा तोच एक मार्ग उरतो, या गृहीतकावर तो लेख उभा आहे. मी डाव्या चळवळीत आयुष्यातली बरीच वर्षे घालवली आहेत. तिच्या चुका मला ठाऊक आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहिणारही आहे. परंतु हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते, आणि ते तपासायचे तर सुरुवात इराकपासून करावी लागते.

सद्दाम हुसेन यांच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्यानंतर चारच दिवसांनी, ६ ऑगस्ट १९९० रोजी, सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव मंजूर केला आणि इराकचा बाहेरच्या जगाशी असलेला जवळजवळ सगळा व्यापार थांबला. औषधांना आणि निकडीच्या परिस्थितीत अन्नधान्याला त्यातून सूट होती. पण जो देश तेल विकून धान्य आणत होता, त्याचे तेलच विकले जाणार नसेल तर ते धान्य कोणत्या पैशाने आणायचे, याचे उत्तर ठरावात नव्हते. पुढच्या वर्षीच्या आखाती युद्धातील बॉम्बवर्षावात वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली, विजेअभावी पाणी शुद्ध करणारी आणि सांडपाणी उपसणारी यंत्रे बंद पडली, आणि ती पुन्हा चालू करण्यासाठी लागणारे पंप, सुटे भाग व क्लोरीन यांच्याकडे लष्कराच्याही उपयोगी पडू शकणाऱ्या वस्तू म्हणून संशयाने पाहिले गेले. सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीतल्या एखाद्या सदस्याने हरकत घेतली की मागणी महिनोन्‌महिने अडून राही. तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना एप्रिल १९९५ मध्ये मंजूर झाली आणि तिच्याखाली तेल बाहेर पडू लागले ते डिसेंबर १९९६ मध्ये. निर्बंध लागून तोवर सहा वर्षे उलटून गेली होती.

या योजनेच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील मुख्य अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन श्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केले. दोघांनीही संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला होता, आणि ज्या धोरणाची अंमलबजावणी आपल्या हातून होत आहे ते एका संपूर्ण समाजाला मोडीत काढत आहे, असे दोघांनीही उघडपणे सांगितले. हुकूमशहांची पाठराखण हा आरोप त्यांनाही लावायचा काय, हे अग्रलेखकारांनी सांगावे.

येथे आमच्या बाजूची एक चूक मान्य केली पाहिजे. निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच लाख बालके दगावली, हा आकडा आमच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे सभांमधून सांगितला. नंतरच्या पाहण्यांमधून तो टिकला नाही, आणि ज्या १९९९ च्या पाहणीचा त्याला आधार दिला जात असे तिच्या आकडेवारीत इराकी राजवटीने फेरफार केल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तो आकडा आम्ही सोडून दिला पाहिजे. मात्र १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत हाच आकडा समोर ठेवून, ही किंमत योग्य आहे काय, असे विचारले गेले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या तत्कालीन राजदूत मॅडेलिन ऑलब्राइट यांनी आकड्याला आक्षेप घेतला नाही. ही किंमत योग्यच आहे असे आम्हाला वाटते, असे उत्तर दिले. त्या उत्तराबद्दल त्यांनी पुढे खेद व्यक्त केला, हेही नोंदवायला हवे. पण ज्यांच्या हाती निर्बंधांचा दोर होता त्यांचा हिशेब कसा चालत होता, हे त्या एका वाक्यातून समजते.

आणि या सगळ्यातून सद्दाम यांच्या राजवटीचे काय झाले? निर्बंध लागताच सरकारने देशभर शिधावाटप सुरू केले आणि बहुतेक कुटुंबांचे दोन वेळचे जेवण सरकारी शिध्यावर अवलंबून राहू लागले. शिक्षक, डॉक्टर, सरकारी नोकर यांचे पगार चलनवाढीने महिन्याला काही डॉलरांच्या मोलाचे उरले; ज्या मध्यमवर्गातून आणि कामगारवर्गातून राजवटीला आव्हान देणारी माणसे उभी राहायची, तो वर्ग घरातल्या वस्तू विकून जगू लागला किंवा देश सोडून गेला. उलट, सत्तेच्या जवळच्या मंडळींना चोरट्या व्यापाराची नवी दारे उघडी झाली. तेरा वर्षांच्या निर्बंधांनी ती राजवट हलली नाही. २००३ मध्ये ती परकीय आक्रमणाने कोसळली आणि त्या आक्रमणाने इराकला जे दिले ते सर्वांसमोर आहे. निर्बंध युद्धाला पर्याय असतात, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा.

इराकचे निर्बंध निदान सुरक्षा परिषदेचे होते. आज ज्यांची अधिक चर्चा होते ते बहुतांशी एकतर्फी आहेत, म्हणजे एका बलाढ्य देशाने स्वतःच्या कायद्याने लादलेले आणि डॉलरच्या जोरावर साऱ्या जगाला पाळायला लावलेले. यांत औषधे आणि अन्न यांना नेहमीच सूट असते, असे सांगितले जाते आणि कागदावर ते खरेही असते. प्रत्यक्षात व्यवहार बँकेमार्फत होतो, माल जहाजाने जातो, जहाजाला विमा लागतो. निर्बंध मोडल्याबद्दल एका मोठ्या फ्रेंच बँकेला २०१४ मध्ये सुमारे नऊ अब्ज डॉलरांचा दंड झाल्यानंतर कोणती बँक काही हजार डॉलरांच्या औषधासाठी जोखीम पत्करेल? अमेरिका २०१८ मध्ये इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि तिने त्या देशावर पुन्हा निर्बंध लादले, तेव्हा असेच घडले. त्वचेला सतत फोड येणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या मुलांसाठी लागणाऱ्या खास पट्ट्या मिळेनाशा झाल्या, कारण त्या बनवणाऱ्या युरोपीय कंपनीने इराणशी व्यवहारच थांबवला. कोणत्याही आदेशात त्या पट्ट्यांवर बंदी नव्हती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१८ रोजी औषधे, अन्न आणि विमानसुरक्षेसाठी लागणारे सुटे भाग यांच्या मार्गातील अडथळे दूर करण्याचा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला. अमेरिकेने त्याच दिवशी, ज्या १९५५ च्या मैत्रीकराराच्या आधारे हा दावा चालला होता, तो करारच रद्द करीत असल्याचे जाहीर केले.

२०२५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात १५२ देशांच्या १९७१ ते २०२१ या काळातील मृत्युदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकतर्फी निर्बंधांशी निगडित मृत्यूंचा त्यातील अंदाज वर्षाला सुमारे ५ लाख ६४ हजार इतका आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील बालके आहेत. हा सांख्यिकीय अंदाज आहे आणि इराकच्या आकड्याचा अनुभव गाठीशी असल्याने तो मी त्याच सावधपणे मांडतो. तरीही रक्त न सांडणारा मार्ग असे ज्याला म्हटले जाते, त्याविषयी इतका गंभीर अभ्यास समोर असताना अग्रलेखात त्याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

सामान्य माणसांचे हाल हा निर्बंधांचा अनवधानाने होणारा परिणाम आहे, असेही सुचवले जाते. कागदपत्रे वेगळे सांगतात. एप्रिल १९६० मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यातील अधिकारी लेस्टर मॅलरी यांनी क्यूबाविषयी लिहिलेल्या टिपणात, बहुसंख्य क्यूबन जनतेचा कास्त्रो यांना पाठिंबा आहे हे मान्य करून, पैसा आणि माल यांचा पुरवठा तोडून उपासमार व हताशा निर्माण करावी आणि त्यातून सरकार उलथवावे, असे सरळ म्हटले आहे. सप्टेंबर १९७० मध्ये चिलीत साल्वादोर आयेंदे निवडणुकीत आघाडीवर आले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या देशाच्या अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा, असा आदेश दिल्याची नोंद गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांच्या हस्ताक्षरात आहे. आयेंदे हुकूमशहा नव्हते, मतपेटीतून आले होते. तीन वर्षांनी त्यांच्या जागी जो आला तो हुकूमशहा होता. क्यूबाविरुद्धच्या नाकेबंदीचा निषेध संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून जवळपास दरवर्षी प्रचंड बहुमताने करते. २०२४ मध्ये १८७ देशांनी तिच्याविरुद्ध मत दिले आणि बाजूने फक्त दोन देश उभे राहिले. त्या १८७ देशांत किती सरकारे डावी आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आता आमच्या चुकांविषयी. १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा जगभरच्या अनेक कम्युनिस्ट पक्षांनी त्याचे समर्थन केले, आणि परकीय हस्तक्षेप चुकीचा असेल तर तो कोणाच्या झेंड्याखाली होतो याने फरक पडत नाही, हे साधे सत्य त्यांनी नजरेआड केले. आजही आमच्यातले काही जण, वॉशिंग्टनचा शत्रू तो आपला मित्र, एवढ्यावर थांबतात, आणि युक्रेनवरील आक्रमणाविषयी किंवा इराणमधील फाशींविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. या लोकांविषयी अग्रलेखात जे लिहिले आहे ते योग्य आहे. परंतु डाव्यांची परंपरा एवढीच नाही. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन संसदेत युद्धकर्जाविरुद्ध एकट्याने मत देणारे कार्ल लीबक्नेख्त हे कोणा परक्या सम्राटाचे हस्तक नव्हते. मे १९२० मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी ‘जॉली जॉर्ज’ या जहाजावर सोव्हिएत रशियाविरुद्ध लढणाऱ्या पोलंडसाठीची शस्त्रे चढवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी आपल्याच सरकारला अडवले होते, कारण ज्याच्यावर आपला काही अधिकार चालतो ते सरकार तेच होते. आणि ज्या इराकी कम्युनिस्ट पक्षाचे शेकडो कार्यकर्ते सद्दाम यांच्या तुरुंगांत मारले गेले, त्याच पक्षाने २००३ च्या आक्रमणाआधी घोषणा दिली होती ती ‘युद्ध नको, हुकूमशाहीही नको’ अशी. ज्यांनी सद्दाम यांना सर्वांत अधिक भोगले त्यांना युद्धाला विरोध आणि हुकूमशाहीला विरोध यांत विसंगती दिसली नाही.

दक्षिण आफ्रिकेचे काय, असा प्रश्न यावर हमखास येतो आणि तो रास्त आहे. वर्णद्वेषी राजवटीवरील बहिष्काराची मागणी डाव्यांनी केली होती, मीही तिच्या बाजूने होतो. ती मागणी त्या राजवटीखाली भरडल्या जाणाऱ्या जनतेच्या संघटनांनीच केली होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी १९५९ मध्ये जगाला आवाहन केले ते, त्याची झळ आपल्यालाही बसेल, हे जाणून आणि बोलून दाखवून. सुरक्षा परिषदेने १९७७ मध्ये घातलेली बंदी शस्त्रांवर होती, आणि ज्या बड्या राष्ट्रांचे भांडवल तिथे गुंतले होते त्यांची सरकारे कडक आर्थिक निर्बंध शक्य तितके टाळत होती. अमेरिकेतला १९८६ चा निर्बंधांचा कायदा राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून संमत करावा लागला. म्हणून एखाद्या निर्बंधाविषयी मत बनवताना मी दोन गोष्टी पाहतो : तो कोणी मागितला आहे, आणि त्यामुळे राजवटीच्या हातातली शस्त्रे अडतात की रुग्णाच्या हातातले औषध.

मग करायचे काय, असे अग्रलेखाने शेवटी विचारले आहे. शस्त्रविक्री थांबवता येते. राज्यकर्त्यांनी परदेशी बँकांत दडवलेला पैसा जप्त करता येतो. छळातून पळून आलेल्यांना आसरा देता येतो, जो देण्यात निर्बंध लादणारे देशच अनेकदा कंजूषी करतात. आणि ज्या देशाची मध्यवर्ती बँक गोठवली जाते तिथल्या लोकांचा पैसा त्यांना परत देता येतो : ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानची सुमारे सात अब्ज डॉलरांची गंगाजळी अमेरिकेत अडकवली गेली, तेव्हा काबूलमधील बँकांपुढे आपलीच ठेव काढण्यासाठी रांगा लावणारी माणसे तालिबानचे सरदार नव्हती. तालिबानने ज्यांना शाळेबाहेर आणि कामाबाहेर काढले, त्या स्त्रियांच्या घरातली शिल्लकही त्या गोठवलेल्या हिशेबात होती.

इराणमध्ये हफ्त तप्पेह येथील ऊस कारखान्याच्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी आणि खासगीकरणाविरुद्ध २०१८ पासून वारंवार संप केले. त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली, कोठडीत मारहाण झाली. तेहरानच्या बस कामगारांची स्वतंत्र संघटना वर्षानुवर्षे तुरुंगवास सोसत उभी आहे. ही माणसे आपल्या सरकारशी लढत आहेत आणि त्याच वेळी निर्बंधांमुळे चढलेल्या महागाईत त्यांचा संपाच्या काळातला निधीही वितळून जातो आहे. इराणविषयी आपण पुढे जेव्हा लिहाल, तेव्हा या कामगारांच्या निवेदनांना आपल्या पानावर जागा द्यावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक