आईच्या मातीला आलेल्यांचे आभार

आईच्या मातीला धावून आलात, नावं किती घ्यायची? इथली काळी माती पावसात फुगते, कबरीच्या भिंती ढासळतात. पोरांनी कडांना फळ्या लावल्या, पाणी उपसत राहिले. पेटी उतरवताना दोन्ही दोर एकसारखे सोडावे लागतात, नाहीतर डोक्याची बाजू आधी खाली जाते; तेही सांभाळलंत.

शेजारच्या बायांनी ज्वारीच्या भाकरी आणल्या, अगदी आईसारख्या. ज्वारीला चिकटपणा कमी, म्हणून ती उकळत्या पाण्यात पीठ मळायची. गार पाण्यात कडा फाटतात. त्याआधी, चूल पेटवण्यापूर्वी, तिची रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, पुरी झालेली असायची: दहा-दहा मण्यांचे पाच गट, म्हणजे पाच दशकं, प्रत्येकात ‘नमो मरिया’ ही प्रार्थना 10 वेळा. मणी झिजलेली तीच माळ शेवटी तिच्या बोटांत गुंडाळणाऱ्या मावशी, तुमचे फार उपकार झाले.