वॉल्टर व्हाइट, आमचे अण्णा आणि मामाचं पत्र

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ‘ब्रेकिंग बॅड’वर लेख आला, आणि त्यानंतर दोन आठवडे तुमच्या पत्रव्यवहारात वॉल्टर व्हाइट नेमका कधी बिघडला यावर खल चालू आहे. (मालिका न पाहिलेल्यांसाठी: वॉल्टर हा अमेरिकेतला रसायनशास्त्राचा शिक्षक. कॅन्सर निघतो, तेव्हा घरच्यांसाठी पैसे ठेवून जायचे म्हणून तो जुना विद्यार्थी जेसी याच्याबरोबर मेथ हा नशेचा माल बनवू लागतो.) मी परळला राहते. वय 68. एका नागरी सहकारी बँकेतून 2017 साली हेडकॅशिअर म्हणून निवृत्त झाले. त्याचं ते निळं रसायन कसं बनतं यात मला काडीचा रस नाही, पण मालिकेचे 62 च्या 62 भाग नातवाबरोबर पाहिलेत आणि शेवटचे काही दोनदा. मालिका 2013 मध्ये संपली, तेव्हा मी इथे शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नये.

शनिवारी रात्री नातवाचे मित्र माझ्या दिवाणावर बसून हाच वाद घालतात. त्यांच्यात दोन तट आहेत. एक जेनचा. जेसीची ही मैत्रीण नशेत झोपलेली असताना ओकारी घशात अडकून गुदमरते. वॉल्टर पुढे होतो, थबकतो आणि तसाच उभा राहतो. या मुलांच्या मते माणूस तिथे मेला. दुसरा तट ब्रॉकचा, म्हणजे वॉल्टरनं त्या लहान पोराला विष घातलं तिथे सगळं संपलं असं म्हणणारा. एक मुलगी आहे, ती मात्र आणखी मागे जाते, थेट तळघरात डांबून ठेवलेल्या त्या पहिल्या कैद्यापर्यंत, म्हणजे वॉल्टर-जेसीच्या जिवावर उठलेल्या माल विकणाऱ्यापर्यंत. तिची बाजू मला आवडते, कारण त्या प्रसंगात जमाखर्च आहे. वॉल्टर कागदावर दोन रकाने आखतो. सोडावं का, याच्या बाजूला सात-आठ कारणं. मारावं का, याच्या बाजूला एकच, की सोडलं तर तो सगळ्या घरादाराला मारील. आणि मग ती बशी. कैद्याला सँडविच नेताना वॉल्टर चक्कर येऊन पडतो आणि बशी फुटते. पुढे सोडायचंच असं ठरवून किल्ली आणायला वर येतो, तेव्हा त्याला काय वाटतं कोण जाणे, कचऱ्याच्या डब्यातले तुकडे काढून टेबलावर जुळवत बसतो. सगळे जुळतात. एक लांबट, टोकदार फट तेवढी राहते. तो तुकडा खाली, कैद्याच्या हातात आहे. बोलणं जवळजवळ नाहीच, नुसते चिनी मातीचे तुकडे सरकवण्याचा आवाज. असं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण तिथेही त्या मुलीला मी सांगितलं, बाई गं, त्या वेळी त्याला अजून परत फिरायला वाट होती. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात त्यानं ती स्वतः बुजवली.

आठवा. जुना भागीदार एलियटचा वाढदिवस. एलियट नोकरी देऊ करतो, चांगल्या आरोग्यविम्यासकट. बायकोनं कॅन्सरचं सांगितलं म्हणून हे चाललंय, हे वॉल्टरच्या ध्यानात येतं आणि त्याचा चेहरा बदलतो. मग एलियटची बायको ग्रेचेन फोन करून उपचाराचे पैसे देऊ करते. तो गोड आवाजात, विमा मंजूर झालाय, असं खोटं सांगतो. आणि भाग संपताना जेसीच्या दारात जाऊन विचारतो, माल बनवायचा का. म्हणजे औषधाचे पैसे दारात आले होते. नको म्हणाला. तुमच्या एका वाचकानं लिहिलंय, ‘स्वाभिमानी मध्यमवर्गीय माणसाला परिस्थितीनं गुन्हेगार बनवलं’. कुठली परिस्थिती?

परिस्थिती पाहायची असेल तर त्यांनी माझ्या घराजवळ यावं. टाटा रुग्णालयाच्या आसपासचा फुटपाथ. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ. निळं प्लास्टिक, एक स्टोव्ह, दोरीवर ओले कपडे, आणि उशाला पिशवीत घातलेली फाइल. ती फाइल पावसात भिजू नये म्हणून माणसं स्वतः भिजतात. नशीब असेल त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, नाहीतर नाना पालकर समितीत. त्यांनाही मुलं आहेत, डोक्यावर कर्ज आहे. कुणी पुढे केलेले पैसे घेताना ते खाली बघतात, पण घेतात. स्वाभिमान त्यांना नाही असं मानणाऱ्यानं त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून पाहावं.

हे मी इतक्या तावातावानं का लिहिते आहे, तर हा पाचवा भाग माझ्या घरात झालेला आहे.

आमचे वडील, अण्णा, गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तागे मोजायचे आणि त्यावर आकडे घालायचे. अक्षर मोत्यासारखं, आकडा तर त्याहून देखणा. त्यांच्या सातला एक डौलदार शेपूट असे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत अण्णा. मी तेव्हा बँकेत लागून तीन वर्षं झाली होती. चूल विझण्याची वेळ कधी आली नाही, हे मुद्दाम सांगते. पण धाकट्या बहिणीचं लग्न होतं, भाऊ दहावीत होता, आणि मुलीच्या पगारावर बसून खायचं अण्णांना जमेना. मी पगाराचं पाकीट देवापुढे ठेवायची. ते तिथेच राही, मग आई गुपचूप उचले.

कणकवलीच्या मामाचं पत्र आलं. ‘इकडे या, दुकानाचा हिशेब सांभाळा. यायचं नसेल तर संप मिटेपर्यंत महिन्याला तीनशे रुपये ताईची भाऊबीज समजून पाठवतो.’ अण्णांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. म्हणाले, “मेहुण्याच्या जिवावर जगायची वेळ नाही आली अजून.” टेबल डुगडुगायचं थांबलं, हे मात्र खरं.

दोनच आठवड्यांनी ते गल्लीतल्या पानटपरीमागे मटक्याचे आकडे लिहायला बसले. तरुण वाचकांसाठी सांगते: मटक्याचं मूळ कापसात. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातला उघडताना आणि बंद होतानाचा भाव तारेनं मुंबईत यायचा, त्यावर लोक पैसे लावत. त्यावरूनच ओपन आणि क्लोज. पुढे भाव येणं बंद झालं आणि आकडे पत्त्यांतून, माठातून निघू लागले. कापडाच्या गिरणीतून बाहेर पडलेला माणूस कापसाच्याच आकड्यांवर येऊन बसला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. “संप मिटेपर्यंत” असं अण्णा म्हणाले होते, आणि तो संप तर रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही.

अण्णांनी कुणाचा जीव घेतला नाही. वॉल्टरशी त्यांची बरोबरी करायला मला लाज वाटते, तरी एक प्रसंग लिहिते. आमच्याच मजल्यावरचा एक कामगार रोज आकडा लावायचा. भांडी गेली, मग घड्याळ गेलं. एका संध्याकाळी त्याची बायको आमच्या दारात आली. आत नाही आली, उंबऱ्यापाशीच उभी राहिली. “भाऊ, तुमी त्येंचा आकडा घेऊ नका.” अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “वहिनी, मी नाही घेतला तर दुसरा घेईल.” आणि गालावरचा उरलेला साबण नीट काढला. वर्षभरात त्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप लागलं. बिऱ्हाड गावी गेलं की कुठे, कळलं नाही. जेनच्या शेजारी थबकलेला वॉल्टर पडद्यावर आला तेव्हा मला त्या साबणाचा वास आला.

आता वॉल्टरच्या बायकोबद्दल, म्हणजे स्कायलरबद्दल. तुमच्या लेखात स्कायलरला ‘मालिकेतलं सर्वांत डोक्यात जाणारं पात्र’ म्हटलंय. हे काही नवीन नाही. ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गननं 2013 च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला होता, की पात्राबद्दलचा लोकांचा द्वेष तिच्यावर, खऱ्या बाईवर उतरला. नवरा माणसं मारतो, ते खपतं. ती ‘कुठे होतास’ विचारते, ते खपत नाही.

मला विचाराल तर त्या घरात हिशेब कळणारी तीच एक. धंद्यानं अकाउंटंट. काळा पैसा पांढरा करायला गाड्या धुण्याचं दुकान घेतात, तेव्हा गल्ल्यावर बसून न आलेल्या गाड्यांची बिलं तीच फाडते. गुन्ह्यात सामील आहेच, नाही म्हणत नाही. पण पाचव्या पर्वात ती वॉल्टरला गोदामात नेते आणि चादर ओढते, तिथे पलंगाएवढी नोटांची रास आहे. किती आहेत? तिला माहीत नाही. मोजणं सोडून दिलंय. नुसतं रचून ठेवते, कोरडं ठेवते, कसर लागू नये म्हणून फवारा मारते. डॉलरची नोट एकची असो की शंभरची, वजन एक ग्रॅमच, तेव्हा मिसळलेल्या राशीचं वजन करूनही काही कळत नाही. 38 वर्षं मी ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या. नोटबंदीत एक म्हातारी पाचशेच्या चौदा नोटा घेऊन आली होती, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या. कुठली नोट कुणी कधी दिली, हे तिला तोंडपाठ होतं. त्या राशीपुढे उभी राहून स्कायलर जेव्हा विचारते, अजून किती हवेत, तेव्हा नातवाचा एक मित्र म्हणाला, “झाली हिची कटकट सुरू.” मी त्या दिवशी त्याला पोहे दिले नाहीत.

आमच्या आईलाही चाळीत कजाग म्हणत. अण्णा एक रात्र कोठडीत राहून आले, तर लोक म्हणाले, हिच्या तोंडाला कंटाळूनच तो या नादाला लागला असणार. ती पोलिस चौकीत डबा घेऊन गेली होती, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

वॉल्टरला गरज किती होती, हे त्यानं स्वतः दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला काढलंय: शिक्षण, घराचं कर्ज, महागाई धरून 7 लाख 37 हजार डॉलर. शेवटी वाळवंटात सात पिंपांत पुरले ते आठ कोटींच्या आसपास. आणि अगदी शेवटच्या भागात काय होतं? उरलेले 97 लाख 20 हजार डॉलर मुलापर्यंत पोचवायचे, तर तो कुणाच्या दारी जातो? त्याच एलियट-ग्रेचेनच्या. त्यांना धाक घालून सांगतो, हे पैसे तुमचे म्हणून माझ्या मुलाला द्या. ज्या घरचा पैसा नको म्हणून एवढं रामायण झालं, त्याच घराचं नाव आपल्या पैशाला लावून घ्यावं लागलं. जेनवाल्या आणि ब्रॉकवाल्या दोन्ही तटांनी या जागेचं उत्तर द्यावं. मी नातवाला दोन महिने विचारते आहे.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. वॉल्टरनं छपरावर पिझ्झा भिरकावला तेव्हा मी खदखदून हसले. (अमेरिकेत भक्तमंडळी त्या खऱ्या घराच्या छपरावर पिझ्झे टाकू लागली. घर मालिकेतल्या कुणाचं नव्हे, कुणातरी संसारी माणसाचं. शेवटी मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांना 2015 मध्ये, असं करू नका, म्हणून सांगावं लागलं.) तो जिंकावा असं मला चौथ्या पर्वापर्यंत वाटत होतं, आणि टपरीवर लोक अण्णांना “भाऊ, बसा” म्हणायचे तेव्हाही आतून बरं वाटायचं. इस्त्रीचा शर्ट घालून, काहीतरी गुणगुणत ते बाहेर पडायचे. गिरणीत जाताना कधी गुणगुणले नव्हते.

“पोरांसाठी केलं,” हे अण्णांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. वॉल्टरनं शेवटच्या भागात बायकोपुढे कबूल केलं, की स्वतःसाठी केलं, आवडत होतं. अण्णांकडून तेवढं स्पष्ट कधी आलं नाही. ते जायच्या आदल्या वर्षी, मी त्यांची नखं कापत होते, तेव्हा खिडकीबाहेर बघत एकदाच म्हणाले, “तिथं लोक मला विचारायचे गं.” मी करंगळीचं नख कापलं आणि गप्प बसले.

पत्र छापलंत तर कृपया नाव छापू नये. चाळ पाडून टॉवर झाला, पण आमच्या मजल्यावरची तीन बिऱ्हाडं अजून याच इमारतीत आहेत, आणि तुमचा पेपर तिघांकडे येतो.

– एक निवृत्त हेडकॅशिअर, परळ, मुंबई