माझ्या लेकराची तक्रार ऐकून घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात मी आभार मानायला आले की तुम्ही "अहो, मी काय केलं, सगळं प्रभूचं" म्हणता आणि दुसऱ्या कुणाची तरी विचारपूस करायला वळता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या मंडळीनं ते वाचावं, आणि ज्यांच्या घरी असंच एखादं गप्प झालेलं लेकरू आहे त्यांनीही वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

माझा मुलगा मे महिन्यात चर्चच्या मुलांसाठी तुम्ही घेतलेल्या शिबिराला आला तेव्हा त्यानं देवाशी बोलणं बंद केलं होतं. त्याच्या पप्पांची किडनी गेली होती. डायलिसिसच्या वाऱ्या, घर आणि दवाखाना यांत आमचं सगळं वर्ष गेलं. पोरगं रोज रात्री अंथरुणावर गुडघे टेकून एकच प्रार्थना करायचं, पप्पांना बरं कर. संडे स्कूलमध्ये शिकवल्याप्रमाणे, डोळे मिटून, हात जोडून. कधी झोप अनावर झाली तर सकाळी उठून राहिलेली प्रार्थना पूर्ण करायचं. आणि पप्पा गेले.

मातीच्या दिवशी आणि नंतरही भेटायला आलेल्या लोकांनी त्याला जे सांगितलं ते मी तेव्हा ऐकून घेतलं. "प्रभूला चांगली माणसं हवी असतात." "रडू नको, पप्पा सुखात आहेत, प्रभूचे उपकार मान." "प्रभूने दिलं, प्रभूने नेलं." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळतं. पण पाचवीतल्या लेकराला त्यातून एवढंच समजलं की ज्याच्याकडं मी पप्पांसाठी मागत होतो, त्यानंच ते नेले, आणि वर त्याचेच आभार मानायचे. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, लेकरंही गेली, तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते, एक शब्द बोलले नव्हते. माझ्या मते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. त्यांनी तोंड उघडलं आणि तिथून सगळं बिघडलं. सांत्वनाला जाताना आपण सगळ्यांनी ईयोबाचा दुसरा अध्याय वाचून जावं असं मला फार वाटतं.

आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना त्याचे पप्पा करायचे. ते गेल्यावर मी करू लागले. मी डोळे मिटले की हा उघडे ठेवून ताटाकडं बघत बसायचा. आमेनसुद्धा म्हणायचा नाही.

शिबिराचं नाव तुम्ही काढलंत तेव्हा मी नकोच म्हणाले होते. पिको-फॉल आणि ब्लाउज शिवून घर चालतं, त्यात फीचे पैसे काढणं अवघड होतं आणि ते सांगायचीही लाज वाटत होती. तुम्ही पैशाचा विषयच काढला नाहीत. यादीत त्याच्या नावापुढं "भरले" असं लिहिलेलं मी नंतर पाहिलं. कुणी भरले ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. ज्यांनी भरले त्यांनाही सलाम.

यंदाच्या शिबिराचा विषय होता उपकारस्तुती. हे कळल्यावर तर माझ्या पोटात गोळाच आला. आता सगळ्या मुलांसमोर याला उभं करतील, बोल कशाबद्दल आभार मानतोस म्हणतील, आणि हा तिथून पळून येईल.

पुढं जे झालं ते मला थोडं त्याच्याकडून कळलं, थोडं आमच्या गल्लीतल्या त्या कॉलेजच्या मुलीकडून, जी तुमच्यासोबत गट सांभाळायला होती. तुम्ही लूकच्या 17 व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितलीत, मुलांकडून तिचं नाटुकलं बसवून घेतलंत. दहा जण लांब उभे राहून हाका मारतात, येशू त्यांना याजकांकडं पाठवतो, वाटेतच ते शुद्ध होतात आणि परत येतो तो एकटा, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला. मग तुम्ही विचारलंत, बाकीचे नऊ का बरं आले नसतील? मुलांनी छान छान उत्तरं दिली म्हणे. कुणी म्हणालं, घरी जायची घाई झाली असेल, किती दिवसांनी आईला भेटणार होते. कुणी म्हणालं, रस्ता चुकले असतील. तेव्हा माझा मुलगा, जो तोवर एका शब्दानं बोलला नव्हता, मागच्या सतरंजीवरून म्हणाला, "अकरावा पण असेल. तो बराच झाला नाही. त्यानं काय करायचं?"

बाई, हा प्रश्न कुणी मला विचारला असता तर मी घाबरले असते. मंडळीतल्या कितीतरी मोठ्या माणसांनी त्याला गप्प बसवलं असतं, असं शास्त्रात कुठं लिहिलंय म्हणाले असते. तुम्ही गप्प झालात. मग सगळ्यांदेखत म्हणालात, "याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि मी तो आज प्रभूला विचारणार आहे." आणि पुढचं गाणं घेतलंत. त्याला पुढं बोलावलं नाहीत, डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना त्याच्यासाठी प्रार्थना करायला लावली नाही. त्याचा तमाशा होऊ दिला नाहीत, याचे मी वेगळे आभार मानते.

दुपारी, बाहेर बघवत नाही असं ऊन असताना, सगळी लेकरं कूलरपुढं झोपली होती आणि हा व्हरांड्यात बसला होता. तुम्ही जवळ येऊन बसलात. समजूत घालायला काही बोलला नाहीत, तुमच्या वडिलांच्या मोसंबीच्या बागेची गोष्ट सांगितलीत. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जालन्यात किती बागा वाळल्या ते मोठ्यांना सगळ्यांना आठवतं. विहीर आटली, बोअरला पाणी लागलं नाही, दागिने मोडून टँकर आणले आणि तरी झाडं वरून खाली वाळत आली. शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. मोसंबीला फळ धरायलाच चार-पाच वर्षं लागतात, म्हणजे पोरासारखी वाढवलेली झाडं. त्या वर्षी हंगामाच्या सणाला लोक चर्चमध्ये वेदीपुढं पिकातलं जमेल ते घेऊन आले आणि तुमच्या वडिलांनी बागेतलं एक वाळलेलं फांदकं नेऊन ठेवलं. गाणं म्हटलं नाही, बाकावर बसून राहिले. पाळकसाहेबांनी ते फांदकं उचलून बाजूला केलं नाही, ज्वारीच्या कणसांशेजारीच राहू दिलं.

"मग देव रागावला का?" यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला नाही वाटत. बाबांनी जे होतं तेच तर आणलं होतं."

ही गोष्ट त्यानं मला घरी येऊन इतक्या वेळा सांगितली की ते फांदकं मी स्वतः पाहिल्यासारखं मला दिसतं.

त्या संध्याकाळी तुम्ही आभाराच्या तासाची आखणी बदललीत, हे मला त्या मुलीनं सांगितलं. ठरलं होतं ते असं, की प्रत्येकानं चिठ्ठीवर एक आभार लिहून पेटीत टाकायचा. तुम्ही शेजारी दुसरी पेटी ठेवलीत आणि सांगितलंत, ज्याला प्रभूला तक्रार सांगायची आहे त्यानं ती इथं टाकावी, नाव लिहू नये, दोन्ही पेट्या प्रार्थनेत सारख्याच ठेवल्या जातील. मग 13 वं स्तोत्र वाचलंत. दाविद राजासारखा माणूस देवाला थेट "कोठवर?" म्हणून विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि ते शास्त्रात ठेवलेलं आहे, कुणी खोडलेलं नाही. स्तोत्राच्या शेवटी भरवशाच्या ओळी आहेत. त्या तुम्ही वाचल्यात, पण माझ्या मुलाला बाजूला घेऊन म्हणालात, "शेवटच्या ओळी तुला येतील तेव्हा म्हण. आज वरच्याच म्हटल्यास तरी चालेल."

आणि मला वाटत होतं, दुसरी पेटी रिकामी राहील किंवा तिच्यात एकट्या याचीच चिठ्ठी असेल. पण ती मुलगी म्हणाली, जवळजवळ भरली होती. केवढाल्या गोष्टी घेऊन ही लेकरं आपल्यात हसत-खेळत असतात! कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहतात, कुणाच्या घरी दारू आहे. आपण त्यांना अॅक्शन साँग शिकवतो, टाळ्या वाजवायला लावतो, ते हवंच. पण विचारलं कुणी नव्हतं.

पाठांतराच्या दिवसाबद्दलही लिहायलाच हवं. योहान 11:35 हे वचन प्रत्येक संडे स्कूलच्या मुलाला पाठ असतं, कारण त्यात दोनच शब्द आहेत, "येशू रडला." आळशी पोरांचं आवडतं वचन, आणि स्पर्धेत ते चालत नाही हा तुमचा जुना नियम. यानं उभं राहून नेमकं तेच म्हटलं. पोरं हसली. तुम्ही विचारलंत, "का रडला?" हा म्हणाला, "त्याचा दोस्त मेला होता. आणि तो त्याला उठवणार होता, तरी आधी रडला." तुम्ही त्याला पूर्ण गुण दिलेत. ते गुणांचं कार्ड आमच्या शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेलं आहे.

स्वयंपाकघरातल्या मावश्यांना, भर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर एकदाही चुकू न देणाऱ्या भाऊंना, आणि शेवटच्या दिवशी आमरस वाढताना माझ्या पोराला दोनदा वाटी भरून देणाऱ्या आजींनाही माझा सलाम सांगा. आणि बेथेलची गोष्ट सांगितल्याबद्दलही आभार. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढं जालन्याला आले आणि त्यांनी जवळच बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण मुलाला कधी नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही त्याला म्हणालात, तुझ्या पप्पांचं घराणं मूळचं तिथलं. तेव्हापासून पणजोबा काय करायचे, त्यांचे वडील कोण होते, असं विचारून त्यानं माझ्या सासूबाईंना भंडावून सोडलंय. ज्या घरात पप्पांचं नाव काढायला सगळे घाबरत होते, तिथं आता रोज पप्पांच्या गोष्टी निघतात.

शिबिराहून आल्यावर तो लगेच बदलला, असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस तर तो जास्त चिडचिडा झाला. रात्री रडायचा, जो आधी रडत नव्हता. मला काळजी वाटली आणि मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, रडू द्या, तुम्हीही रडा. मग आम्ही दोघं रडलो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरची गोष्ट. पिठलं-भाकरी वाढली होती. मी हात जोडले, तर तो म्हणाला, "मी करतो." त्याच्या पप्पांच्या जागेवर सरकून बसला आणि म्हणाला, "प्रभू, मला पप्पा हवे होते. तू त्यांना बरं केलं नाहीस. भाकरीबद्दल तुझे उपकार मानतो, आणि मम्मीबद्दल पण. आमेन." आणि जेवायला लागला, काही विशेष न झाल्यासारखा.

त्याच्याकडून ही प्रार्थना कुणी पाठ करून घेतलेली नव्हती. तक्रारही तिच्यातच होती, आणि आभारही. माझ्या स्वतःच्या प्रार्थनेत इतका खरेपणा कधी आला होता का, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवसापासून मीही माझी तक्रार प्रभूला सांगायला लागले आहे. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईच्या मनात कमी का साठलेलं असतं.

अकराव्याचं काय, याचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही. मलाही नाही. पण तो परवा म्हणाला, "बाईंनी प्रभूला विचारलं असेल ना? मी पण विचारतोय." जो मुलगा देवाशी बोलतच नव्हता, तो आता त्याच्याशी वाद घालतोय. आई म्हणून मला एवढं पुष्कळ आहे.

पुढच्या शिबिराचं सांगते. मुलांच्या वह्या आणि गीतपुस्तकं ठेवायला पिशव्या लागतात, आणि दर वर्षी तुम्ही बाजारातून आणता. आता त्या मी शिवीन, कापड माझं, किती लागतील तेवढा आकडा एप्रिलमध्ये कळवा. आणि दुसरी पेटी चालू ठेवा, ही विनंती. मुलगा म्हणतोय, ती पेटी तो रंगवून देणार आहे, रंग कुठला ते मात्र तोच ठरवणार.

आपली,
जालन्यातली एक आई