युक्रेनची भरती : ‘अपंग’ कोण, ‘मर्यादित पात्र’ कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युक्रेनमध्ये अपंगांनाही धरून सैन्यात नेतात, अशा बातम्या आणि व्हिडिओ आपल्याकडे फिरतात. त्यांत दोन वेगळ्या गटांची सरमिसळ होते आणि अन्याय नेमका कुठे होतो, तेच झाकले जाते.

तिथे अपंगत्वाचे तीन गट आहेत. त्यांपैकी कोणत्याही गटाचा दाखला असलेल्या माणसाला सक्तीच्या भरतीतून कायद्यानेच सूट आहे. ‘मर्यादित पात्र’ हा शेरा असलेली माणसे निराळी : शांततेच्या काळात सैन्यासाठी अपात्र, युद्धकाळात अंशतः पात्र. ४ मे २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने हा शेराच रद्द केला आणि या सगळ्यांना पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे उभे केले. मुदत होती ४ फेब्रुवारी २०२५. ती ५ जूनपर्यंत वाढवावी लागली. आता निकाल लागतो तो पात्र, तात्पुरता अपात्र, अपात्र किंवा केवळ पुरवठा, वैद्यकीय, प्रशिक्षण अशा तुकड्यांसाठी पात्र, असा.

घोटाळा होतो तो तपासणीच्या टेबलावर. तुटलेला पाय डॉक्टरांना दिसतो, फिट्स दिसत नाहीत. अपस्माराच्या रुग्णाला त्या दिवशी झटका आला नाही, तर त्याच्या बाजूने बोलतात ते फक्त कागद : जुने ईईजी (मेंदूचे आलेख), डिस्चार्ज कार्ड, वर्षानुवर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. रशियाने ताब्यात घेतलेल्या मारियुपोल शहरातून जीव वाचवून आलेल्या माणसाने ही फाइल आणायची कुठून? वरच्या मंडळाकडे किंवा न्यायालयात दाद मागता येते, पण तिथेही पहिला प्रश्न कागदांचाच.

त्यात संशयाची भर पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ख्मेलनित्स्की प्रांतात अपंगत्व ठरवणाऱ्या मंडळाच्या प्रमुखांकडे सुमारे ६० लाख डॉलर रोख सापडल्याचे तपासयंत्रणांनी जाहीर केले. अनेक सरकारी वकिलांनी अपंगत्वाचे दाखले घेतल्याचेही उघड झाले आणि देशाच्या महाअभियोक्त्यांनी राजीनामा दिला. १ जानेवारी २०२५ पासून ती मंडळे बंद करून काम रुग्णालयांतील तज्ज्ञ पथकांकडे दिले गेले. हे आवश्यकच होते. पण बोगस दाखल्यांची झळ खऱ्या रुग्णाला बसते. त्याच्या खऱ्या कागदाकडेही मग तिरक्या नजरेने पाहिले जाते. आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीत कर्णबधिर आणि मनोरुग्णांच्या घरच्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे मात्र चुकीच्या शेऱ्याची किंमत खंदकात मोजावी लागते.

‘रिझर्व्ह प्लस’ या सरकारी ॲपवरून अपंगांना सूट नोंदवता येते, ही चांगली सोय आहे. मात्र सरकारी नोंदींत अपंगत्व सापडले नाही, तर ऑक्टोबर २०२५ पर्यंत कागद घेऊन भरती कार्यालयातच जावे लागत असे आणि नेमकी तीच पायरी लोकांना धास्तीची वाटत असे.

म्हणून विनंती : अशी बातमी छापताना त्या माणसाकडे कोणत्या गटाचा दाखला होता, मंडळाने कोणत्या तारखेला काय शेरा दिला आणि त्याचे जुने केसपेपर पाहिले होते का, एवढे तरी द्यावे.

– एक वाचक, पुणे